माफी कसली? आमचा गुन्हा काय?

सरकारी दवाखान्याच्या खिडकीवर आपण वर्षानुवर्षं एकच शब्द ऐकला : माफी. केसपेपरचे पैसे माफ, रक्त तपासणी माफ. पण आधी पिवळं कार्ड दाखव, तहसीलदाराचा दाखला आण! त्या दाखल्यापायी दिवसाचा रोज बुडवायचा आणि माफ काय होणार, तर चिल्लर. दोस्तहो, माफी गुन्हेगाराला देतात. आपल्या मायनं कोणता गुन्हा केला? तिला ताप आला, एवढंच.

15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, केसपेपर, तपासण्या, उपचार सगळ्यांना मोफत झाले. चांगलं झालं. उगाच नाक मुरडू नये. कार्ड न दाखवता गोळी मिळणं म्हणजे लाइनीत मान वर करून उभं राहणं.

पण मेडिकल कॉलेजची रुग्णालयं दुसऱ्या खात्याची, महापालिकेची तिसऱ्याची. हा निर्णय त्यांच्यासाठी नव्हताच. फेफरं आलेल्या माणसानं आधी खातं विचारायचं का?

आणि जिथं मोफत आहे तिथंही ती चिठ्ठी आहेच : 'बाहेरून आणा'. चार औषधं लिहिली, दोन मिळाली. उरलेल्यांसाठी गेटासमोर मेडिकल उघडंच! ही फी कुठल्या जी.आर.मध्ये नाही, म्हणून तिला माफीही नाही. फुले योजनेचं कार्ड दाखवाल तर ते ठरलेल्या ऑपरेशन-उपचारांसाठी. खोकल्याच्या बाटलीला ते चालत नाही.

त्या निर्णयाला दोन महिनेही झाले नव्हते. 1 ऑक्टोबर 2023 ला संपलेल्या 24 तासांत नांदेडच्या सरकारी मेडिकल कॉलेज रुग्णालयात 24 माणसं मेली. त्यांतली 12 नुकती जन्मलेली. नातेवाईक म्हणत होते, औषधं बाहेरून आणायला लावली. प्रशासन म्हणत होतं, औषधं होती. होती तर चिठ्ठ्या कशाच्या लिहिल्या?

म्हणून सांगतो, चिठ्ठी फेकू नका. 'औषध शिल्लक नाही' असं केसपेपरवर डॉक्टरकडून लिहून घ्या. लिहीत नाहीत? तारीख, खिडकी, औषधाचं नाव तुम्ही लिहा, मेडिकलचं बिल टाचा आणि वस्तीतल्या पोरांकडे द्या. पोतं भरलं की सिव्हिल सर्जनच्या टेबलावर नेऊन ओतू.