मागचं कुणी बघायचं?

पसरणी घाट, पाऊस, धुकं आणि मित्राच्या बाबांची अठरा वर्षं जुनी व्हॅन. आम्ही सातजण, गाणी फुल्ल. घाट उतरून वाईत चहाला थांबलो, तर मागची एसटीपण थांबली आणि ड्रायव्हरकाका थेट आमच्याकडे आले. ‘‘पोरांनो, ब्रेक मारता ते मागच्याला कळायला नको का?’’

आम्ही म्हटलं, काका, लाइट तर चालू आहे. खरंच होता. पण बहुतेक जुन्या गाड्यांत मागच्या एकाच बल्बमध्ये दोन तारा असतात. ५ वॅटची तार लाइट लावल्यावर सतत जळते, २१ वॅटची ब्रेक दाबल्यावर पेटते. आमची मोठी तार दोन्ही बाजूंना तुटलेली. म्हणजे मागच्याला व्हॅन दिसत होती, पण ती थांबतेय हे दिसत नव्हतं. ताशी ६० च्या वेगात गाडी एका सेकंदात जवळपास १७ मीटर जाते. पुढचा हिशेब तुम्हीच करा.

दोन बल्ब एकदम सहसा जात नाहीत. एक कधीचा गेला असणार. कुणाला पत्ताच नाही, कारण स्वतःच्या गाडीचा मागचा दिवा चालवणाऱ्याला कधीच दिसत नाही. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षं चालते. त्यानंतर आरटीओत तपासणी होऊन पुढची ५ वर्षं मिळतात. मधल्या काळात पीयूसीवाला धूर बघतो, दिवे नाही. मग बघणार कोण? आपणच ना!

आणि आपण काय करतो? ट्रिपच्या आधी प्लेलिस्ट बनवतो, डॅशबोर्डला रंगीत एलईडी पट्टी लावतो. दिवे? ‘ते मेकॅनिक बघेल.’ मला हे पटत नाही. यात मेकॅनिकचं काम फार थोडं आहे.

एकच दिवा बंद असेल तर आधी बल्ब बघा. दिव्याचे स्क्रू काढा, बल्ब दाबून फिरवला की निघतो. काच काळी पडली असेल किंवा तार तुटली असेल तर तेवढ्याच वॅटचा नवा घाला. त्याच्या दोन पिना वर-खाली असतात, म्हणून तो एकाच बाजूने बसतो, जबरदस्ती करू नका. दोन्ही ब्रेक लाइट गेले आणि बल्ब चांगले असतील, तर फ्यूज किंवा पेडलजवळचा स्विच. फ्यूज तेवढ्याच अँपिअरचा हवा, तिथे वायरचा तुकडा घालायचा जुगाड नको, आग लागू शकते. ब्रेक दाबल्यावर इंडिकेटरच मंद पेटत असेल, तर बहुधा अर्थ नीट मिळत नाही. पावसाळ्यात होल्डर गंजतो, तो पॉलिश पेपरने घासा. इंडिकेटर अचानक भरभर मिचकायला लागला, तर त्या बाजूचा एखादा बल्ब गेलाय का बघा. एवढं करूनही जमलं नाही, तर मग जा इलेक्ट्रिशियनकडे.

आमचं काम वाईतच दहा मिनिटांत झालं. दोन बल्बना सातजणांच्या चहा-वडापावाइतकेही पैसे लागले नाहीत.

पुढच्या ट्रिपला निघताना एकाने मागे उभं राहायचं, एकाने ब्रेक दाबायचा. एकटे असाल तर भिंतीकडे पाठ करून गाडी लावा, लाल उजेड आरशात दिसतो. आणि पुढच्या गाडीचा ब्रेक लाइट बंद दिसला, तर शिव्या घालून ओव्हरटेक करू नका. त्याला सांगा. काकांनी आम्हाला सांगितलं, म्हणून पुढचा प्रवास दिवे चालू असलेल्या गाडीतून झाला.