माणसं बुजत नाहीत, चेंगरतात

जळगाव जामोदच्या बसस्थानकावर कॉलेज सुटायच्या वेळी नांदुऱ्याची एसटी लागली की काय होतं, हे तुम्हाला सांगायला नको. खिडकीतून रुमाल आत जातो, कुणाची बॅग सीटवर पडते, दाराशी रेटारेटी होते आणि मागून कुणीतरी ओरडतं, "अरे, पुढं सरका ना!" पुढच्याला सरकायला जागा नसते आणि मागच्याला ते दिसत नाही. एवढं लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

२०२५ या एका वर्षात 'स्टॅम्पीड' हा इंग्रजी शब्द आपल्या मोबाइलवर किती वेळा आला, आठवून बघा. २९ जानेवारीला प्रयागराजचा कुंभमेळा. १५ फेब्रुवारीला नवी दिल्ली रेल्वे स्थानक, १८ मृत्यू. ४ जूनला बंगळुरूत चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर क्रिकेटच्या विजयाचा जल्लोष, ११ मृत्यू. २७ सप्टेंबरला तमिळनाडूत करूरची राजकीय सभा, ४१ मृत्यू. ठिकाणं वेगळी, कारणं वेगळी, शब्द मात्र एकच.

हा शब्द आला कुठून? मेक्सिकोतल्या स्पॅनिशमधून. कुरणात शांत चरणारी हजारो गुरं वीज कडाडली की एकदम उधळायची. त्या उधळण्याला तिथले गुराखी 'एस्टॅम्पिडा' म्हणायचे. एकोणिसाव्या शतकात तो शब्द इंग्रजीत शिरला आणि मग पसरतच गेला. १८९७-९८ मध्ये सोनं शोधायला कॅनडातल्या क्लोंडाइककडे लोक धावले, तेही 'स्टॅम्पीड'. १९१२ पासून कॅल्गरी शहरात गुराख्यांच्या खेळांचा मेळा भरतो, त्याचंही नाव 'स्टॅम्पीड'. एखाद्याला घाईघाईत निर्णय घ्यायला लावलं, तरी इंग्रजीत हेच क्रियापद वापरतात.

आपल्याकडे यासाठी नेमका शब्द आहे: ढोरं बुजली. पण माणसांच्या बाबतीत आपण कधी म्हणतो का, 'भाविक बुजले' किंवा 'प्रवासी बुजले'? कानालाच खटकतं. इंग्रजीत मात्र तेच म्हटलेलं आपण सहज वाचतो, आणि 'लोक वेड्यासारखे पळाले असतील' हे चित्र आपोआप मनात तयार होतं. दोष कुणाचा, ते शब्दानेच ठरवून टाकलेलं असतं.

प्रत्यक्षात काय होतं? एका चौरस मीटरमध्ये दोन-तीन माणसं असली तर चालता येतं. पाचच्या वर गेली की धोका सुरू होतो. सहा-सात झाली की पाय आपले राहत नाहीत. गर्दी पाण्यासारखी हलते आणि एका टोकाचा धक्का लाटेसारखा दुसऱ्या टोकाला पोचतो. अशा वेळी पळायला जागाच नसते. बरेच लोक पायाखाली तुडवून नाही, तर उभ्या-उभ्या छाती दाबली जाऊन, श्वास कोंडून जातात. आणि मागच्यांना ते कळतही नाही. एसटीचं दार आठवलं ना?

आता आपल्या राज्यातली उदाहरणं बघा. २००३ मध्ये नाशिकच्या सिंहस्थात रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद रस्त्यावर ३९ जण गेले. २५ जानेवारी २००५ ला साताऱ्यातल्या मांढरदेवीच्या डोंगरावर अरुंद वाट, निसरड्या पायऱ्या आणि दोन्ही बाजूंना दुकानं. तिथे सुमारे ३०० जण गेले. २९ सप्टेंबर २०१७ ला मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर पावसामुळे लोक थांबले, मागून लोकल येतच राहिल्या. २३ मृत्यू. त्या दिवशी कुणीतरी 'फूल गिर गया' म्हणालं आणि लोकांना 'पूल गिर गया' ऐकू आलं, असं सांगितलं जातं. पण अफवा कशीही उठली असली तरी जिना तेवढाच अरुंद होता. पुढे लष्कराने तिथे नवा पूल बांधला. फेब्रुवारी २०१८ मध्ये तो खुला झाला. म्हणजे काही महिन्यांत होण्यासारखं काम होतं.

आणि आपल्या विदर्भातली गोष्ट. २३ नोव्हेंबर १९९४. नागपुरात हिवाळी अधिवेशनावर गोवारी समाजाचा मोर्चा आला होता. मागणी अनुसूचित जमातीच्या सवलतींची. मोर्चा अडवलेला, लाठीमार झाला आणि त्या कोंडीत ११४ जण चेंगरून गेले. त्यात बायका आणि लेकरं मोठ्या संख्येने होती. गोवारी म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या गावाची गुरं राखणारा समाज. बुजलेली ढोरं कशी आवरायची, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? त्यांच्याच मरणाला इंग्रजीत गुरांच्या उधळण्याचा शब्द लागला.

इंग्लंडमध्येही हेच झालं. १९८९ मध्ये हिल्सबरो फुटबॉल मैदानात ९७ प्रेक्षक गेले आणि प्रेक्षकांनाच दारुडे, हुल्लडबाज ठरवलं गेलं. प्रेक्षकांची चूक नव्हती, पोलिसांचं नियोजन फसलं होतं, हे ज्युरीने मान्य करायला २०१६ साल उजाडलं. सत्तावीस वर्षं!

मग आपला 'चेंगराचेंगरी' शब्द बरा का? बराच बरा, कारण माणूस कशाने गेला ते तो सांगतो. पण तोही पूर्ण निर्दोष नाही. मारामारी, ढकलाढकली यांच्याच घडणीचा तो आहे, त्यामुळे लोकांनीच एकमेकांना चेंगरलं असा वास त्याला येतो. 'चेंगरून मृत्यू' हे साधे दोन शब्द जास्त खरे आहेत.

मोठी गर्दी म्हणजे धोकाच, असंही नाही. शेगावची पालखी दरवर्षी शेकडो किलोमीटर चालत पंढरपूरला जाते, हे आपण लहानपणापासून बघतो. दिंडीत पुढे पताका, मग टाळकरी, विणेकरी, तुळशी घेतलेल्या बाया. कोण कुठे चालणार हे ठरलेलं असतं. शेगावला दर्शनाच्या रांगेत सेवेकरी वाट दाखवतात. गर्दी तीच, फक्त तिच्या जागेचा विचार कुणीतरी आधी केलेला असतो.

२०२७ मध्ये नाशिक-त्र्यंबकेश्वरला सिंहस्थाची मोठी स्नानं आहेत. तुमच्यापैकी काही जण जातील, काही स्वयंसेवक म्हणून उभे राहतील, काही रील बनवतील. गर्दीत अडकलात तर हात छातीपुढे धरा, पडलेली चप्पल-मोबाइल उचलायला वाकू नका, मागे ढकलू नका, दोन धक्क्यांच्या मधल्या उसंतीत तिरकं सरकत कडेला या.

आणि पुन्हा कधी अशी बातमी आली, तर फॉरवर्ड करण्याआधी तीन प्रश्न विचारा. वाट किती रुंद होती? बाहेर पडायचे रस्ते किती होते? मागून येणाऱ्यांना थांबवणारं कुणी होतं का? उत्तर मिळेपर्यंत 'लोक पळाले' असं लिहू नका.