चव धुराची की धगीची?

चुलीवरचं मटण, चुलीवरची मिसळ, चुलीवरचा चहासुद्धा! हल्ली कुठल्याही हायवेला लागा, चार-दोन ढाब्यांआड ही पाटी दिसतेच. आपण थांबतो, चापून खातो, "गॅसवर ही चव नाही बुवा" म्हणतो आणि घरी येतो. घरी अर्थातच गॅस असतो आणि तो काढून टाकावा असं कुणाच्याही मनात येत नाही.

मला चुलीवरचं आवडतं, हे आधीच सांगून टाकते. वसईच्या वाडीत वाढलेल्या माणसाला ते आवडणारच. आमच्या मागच्या पडवीत चूल होती, बाजूला वईल. सरपण वाडीतलंच : सुक्या झावळ्या, करवंट्या, नारळाची सोडणं. स्वयंपाक आटोपला की उरलेल्या निखाऱ्यांत रताळी जायची. शेजारच्या ख्रिस्ती आळीत एप्रिल-मेमध्ये वर्षाचा मसाला व्हायचा. एकेक जिन्नस खापरात मंद विस्तवावर भाजायचा, मग कुटायचा. वास आमच्यापर्यंत.

पण या सगळ्यात चव येते कुठून? माझं मत असं, की बहुतेक वेळा ती धुरातून येत नाही, धगीतून येते. बोंबील किंवा वांगं थेट विस्तवावर भाजलं तर धुराचा वास लागतो, कबूल. पण झाकण घातलेल्या हंडीतल्या कालवणात धूर शिरणार कुठून? तिथे काम करतं ते जाड बुडाचं मातीचं भांडं, ज्वाळ विझल्यावरची मंद आच, पाट्यावरचं ताजं वाटण आणि हाताशी असलेला वेळ. आपण गॅस मोठा करून वीस मिनिटांत रस्सा उरकतो आणि दोष गॅसला देतो!

पावाचंही तेच. पाव हा शब्दच पोर्तुगीज, आणि वसई 1534 पासून 1739 पर्यंत पोर्तुगीजांकडे होती, त्यामुळे पावाबद्दल आम्हाला जरा जास्तच जिव्हाळा. विटांच्या जुन्या भट्टीत आधी लाकडं जाळतात. विटा पुरत्या तापल्या की निखारे आणि राख बाजूला ओढतात आणि मग पावाचे ट्रे आत सरकवतात. म्हणजे पाव भाजतात त्या तापलेल्या विटा. लाकडाचं काम तोवर झालेलं असतं.

हे आठवायचं कारण म्हणजे 9 जानेवारी 2025 चा मुंबई उच्च न्यायालयाचा आदेश. मुंबईतल्या लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांनी सहा महिन्यांत गॅस किंवा दुसऱ्या स्वच्छ इंधनाकडे वळावं, असं न्यायालयाने सांगितलं. लगेच "आता पावाची चव गेली" असा गळा काढणं सुरू झालं, आमच्या गोतावळ्यातही. मला आदेश योग्य वाटतो. भट्टीत नेहमी छान सुकं लाकूडच जातं असं थोडंच आहे? मोडक्या फर्निचरचं रंग दिलेलं लाकूडही जातं, आणि तो धूर वस्तीतच उतरतो. फक्त इंधन बदला म्हणताना विटा पाडायला लावू नका. गॅसवर चालणाऱ्या विटांच्या भट्ट्या जगभर पिझ्झावाले वापरतात. लहान बेकरीवाल्याला हा बदल परवडेल अशी मदत आणि मुदत द्या. मग पाव गेला तर मला येऊन विचारा.

घरातल्या धुराचा हिशोब तर आपण कधी मांडतच नाही. आजी आयुष्यभर त्या चुलीपुढे बसली. फुंकणीने फुंकर घालताना डोळ्यांतून पाणी, पदराने पुसायचं, पुन्हा फुंकर. शेवटची कितीतरी वर्षं तिला खोकला होता. सगळे त्याला म्हातारपणाचा खोकला म्हणत. तिने विडी कधी हातात धरली नव्हती. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे की घरातल्या धुराने 2020 या एका वर्षात जगात 32 लाख माणसं गेली. बरं, एवढा धूर सोसून मिळतं काय? साध्या चुलीत लाकडाच्या उष्णतेपैकी जेमतेम 10 टक्क्यांच्या आसपास भांड्याला पोचते. बाकीची वाया.

आणि वसईच्या पूर्वेला, तुंगारेश्वरच्या पायथ्याच्या पाड्यांवर आजही बायका डोक्यावरून मोळ्या आणताना दिसतात. उज्ज्वला योजना 1 मे 2016 ला सुरू झाली, जोडण्या मिळाल्या, पण टाकी संपल्यावर ती भरायला रोख पैसे लागतात. त्या घरांत चूल पेटते ती चवीसाठी नाही. त्या बाईला "तुझ्या हातच्या भाकरीला काय चव आहे" म्हणण्याआधी तिची पुढची टाकी कशी येईल, ते पाहायला हवं.

चूल मोडून टाका असं मी म्हणत नाही. थंडीत उकडहंडी लावायची असेल तर खुशाल लावा, पण अंगणात, सुक्या लाकडावर, आणि फुंकायला घरातले पुरुषही बसू देत. रोजच्या स्वयंपाकाला गॅस असावा, मातीचं भांडं असावं, आच बारीक असावी. आणि सुनेला "आमच्या वेळची चव नाही" असं ऐकवायची हुक्की आलीच, तर आधी महिनाभर चुलीपुढे बसून दाखवावं. मग बोलू!