हजेरीवहीत नसलेली माणसं

साकीनाका भागातल्या एका उर्दू शाळेत मी मराठी शिकवतो. मागच्या वर्षी पाचवीतला एक मुलगा सलग आठ दिवस वर्गात आला नाही. घरी गेलो तर दाराला आतून कडी. माझा आवाज ओळखल्यावरच ती निघाली. वडील गवंडी, मूळचे मुर्शिदाबाद जिल्ह्यातले. मरोळच्या एका बांधकामावर त्यांनी २२ दिवस काम केलं होतं. मजुरी मागितली तेव्हा मुकादमानं विचारलं, "बांगलादेशी आहेस म्हणून पोलिसांना सांगू का?" घरात आधार कार्ड होतं, मतदार कार्ड होतं. तरीही त्यांनी त्या पैशांवर पाणी सोडलं.

दुसऱ्या दिवशी मी मुकादमाला भेटलो. आपल्यातलाच माणूस. त्यानं अदबीनं सलाम केला, चहा मागवला आणि म्हणाला, "सर, याचं नाव कुठल्या हजेरीवहीत आहे ते दाखवा, आत्ता पैसे देतो." नाव कुठेच नव्हतं, कारण वहीच नव्हती.

विनाकागदाचा मजूर म्हटलं की आपल्याला रात्री सीमा ओलांडून आलेला माणूस आठवतो. पण आपल्या उपनगरांत विनाकागदाचा मजूर रोज सकाळी नाक्यावरही तयार होतो. तो तयार करतो ठेकेदार. हजेरीपत्रक नाही, पगाराची पावती नाही, ओळखपत्र नाही. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करायची तर वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो, आणि तो बहुतेकदा मागायचा पुन्हा ठेकेदाराकडेच. मजूर भारतीय असो वा परदेशी, कामाच्या जागेवर दोघेही सारखेच अदृश्य असतात.

त्या गवंड्याची भीती उगाच होती का? जून २०२५ मध्ये महाराष्ट्रात काम करणाऱ्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना बांगलादेशी समजून पकडलं गेलं आणि सीमेपलीकडे ढकललं गेलं. त्यांत मिरा रोड भागात राहणारा एक गवंडीही होता. नंतर ते भारतीय असल्याची खात्री पटली आणि त्यांना परत आणावं लागलं. ही बातमी नाक्यानाक्यावर पोचली. मजुरांनी तिच्यातून भीती घेतली, काही ठेकेदारांनी युक्ती.

आता एक प्रश्न मला नक्की विचारला जाईल: मग घुसखोरांनाही हक्क द्यायचे का? सरळ उत्तर देतो. कोण देशात राहील हे ठरवण्याचा अधिकार सरकारचा आहे. चौकशी करावी, कायद्याप्रमाणे परत पाठवावं. पण ज्यानं भिंत बांधली त्याची मजुरी ठेकेदाराच्या खिशात राहावी, असं कुठल्या कायद्यात लिहिलंय? भिंत तर उभी आहे, फ्लॅटही विकला गेला आहे.

आपल्या संविधानानं हा फरक नीट केला आहे. कलम १९ मधली स्वातंत्र्यं नागरिकांसाठी आहेत. पण कलम २१ चा जीविताचा हक्क 'व्यक्ती'ला आहे, आणि वेठबिगारीला बंदी घालणारं कलम २३ देखील फक्त नागरिकांपुरतं नाही. दिल्लीतल्या आशियाई खेळांच्या बांधकामांवरच्या मजुरांच्या प्रकरणात १९८२ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर काम करून घेणं हीसुद्धा वेठबिगारीच. मग अजिबातच मजुरी न देण्याला काय म्हणायचं?

हे समजायला कोकणातल्या आपल्या माणसांना फार लांब जायला नको. रत्नागिरी-रायगडच्या किती घरांतली मुलं 'आझाद व्हिसा'वर आखातात गेली! कफील एक, काम दुसरीकडे, पासपोर्ट तिसऱ्याच्या कपाटात. २०१३ मध्ये सौदीनं नियम कडक केले तेव्हा अनेकांचे कागद एका रात्रीत चुकीचे ठरले. तेव्हा आपण म्हणत होतो, चूक असेल तर परत पाठवा, पण पोरांचा थकलेला पगार तरी द्या. ती मागणी रास्त होती. मग तीच मागणी साकीनाक्यात आली की आपण गप्प का होतो?

गप्प राहण्याचं एक कारण आपल्या सोयीचं आहे. जरीचे कारखाने, बेकऱ्या, भंगाराची गोदामं, शिलाईची युनिटं यांत आपलेही मालक आहेत. घाबरलेला मजूर स्वस्त पडतो आणि तो भाव मागत नाही. त्याचा भाव पडला की शेजारच्या मराठी बिगाऱ्याचा, बिहारी कारागिराचा भावही पडतो. घाम वाळण्याआधी मजुरी द्या, ही पैगंबरांची शिकवण आपण जुम्म्याच्या बयानात ऐकतो आणि शनिवारी कारखान्यात "पुढच्या हप्त्यात बघू" म्हणतो.

कायदा मजुराच्या बाजूनं बरंच काही सांगतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता लागू झाली. तिच्यात पगाराची पावती देणं मालकावर बंधनकारक आहे. कामावरून काढलं तर दोन कामाच्या दिवसांत हिशोब द्यायचा आहे. मजुरी दिली नाही असा दावा झाला, तर ती दिल्याचं सिद्ध करण्याची जबाबदारी मालकाची. दावा करायला तीन वर्षांची मुदत आहे आणि नोंदणीकृत कामगार संघटनाही तो करू शकते. पण वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कामगार भवनाची पायरी चढायची हिंमत मजुराला व्हायची, तर तक्रार घेणाऱ्यानं आधी नागरिकत्व विचारता कामा नये. तिथे प्रश्न दोनच असावेत: काम केलं का, आणि पैसे मिळाले का.

त्या गवंड्याला शेवटी निम्मेच पैसे मिळाले, तेही मशिदीतल्या दोन ज्येष्ठांनी मुकादमाला बोलावून समज दिल्यावर. मुलगा पुन्हा शाळेत येतो. मराठीच्या वहीची शेवटची पानं मी त्याला वेगळी ठेवायला सांगितली आहेत. रोज संध्याकाळी वडिलांना विचारून तो लिहितो: तारीख, कामाची जागा, मुकादमाचं नाव, किती तास, ठरलेली रोजी, मिळालेले पैसे. त्याचं ऱ्हस्व-दीर्घ अजून चुकतं. पण वडिलांची हजेरी आता एका वहीत तरी आहे.