सोन्याने घात केलेली यंत्रे

जुनी नाणी, जुनी टपालतिकिटे, जुन्या पोथ्या जमविणारे गृहस्थ आपल्या समाजात पूर्वापार होत आले आहेत आणि घरची मंडळी वगळता सर्वजण त्यांच्या छंदाकडे आदरानेच पाहतात. जुने संगणक जमविणाऱ्याच्या वाट्याला तेवढा मान अजून आलेला नाही. भंगार ते भंगारच, असे शेजारी म्हणतो. आणि हैदराबादच्या पुराण्या पुलाजवळ गुरुवारी भरणाऱ्या जुम्मेरात बाजारात पथारीवर मांडलेले ते पिवळट, धुळकट खोके पाहिले म्हणजे शेजाऱ्यास दोष देणेही कठीण जाते.

तथापि, वाचकहो, ह्या छंदात एक विलक्षण अडचण आहे. नाणे जितके जुने तितके त्याचे मोल अधिक, हे विकणाराही जाणतो. म्हणून तो ते फडक्यात गुंडाळून जपतो. संगणकाच्या बाबतीत हाच न्याय उलटा फिरतो. सोने गंजत नाही आणि वीज उत्तम वाहून नेते, म्हणून यंत्राच्या आतील नाजूक जोडण्यांवर त्याचा मुलामा देतात. आरंभीच्या काळात तो देताना कोणी हात आखडता घेत नसे. 1970 च्या दशकातील कित्येक चिप चिनीमातीच्या आवरणात असत आणि त्यांच्या झाकणांवर व पायांवर सोने नुसत्या डोळ्यांना दिसे. 1995 साली आलेला पेंटियम प्रो तर ह्याच कारणाने भंगारवाल्यांचा आजही लाडका आहे. पुढे प्लास्टिकची आवरणे आली, मुलामाही पातळ झाला. तेव्हा यंत्र जितके जुने व दुर्मीळ, तितकी त्याला आम्लाच्या पातेल्यात लोटण्याची घाई अधिक! संग्राहकाला बोली लावावी लागते ती सोन्याच्या भावाविरुद्ध. आणि तो भाव गेल्या काही वर्षांत कोठे जाऊन पोचला आहे, हे लग्नाळू मुलींच्या पित्यांना सांगावयास नको.

हे सोने काढण्याचे काम गल्लीबोळांत, उघड्या हातांनी चालते. आम्लाच्या वाफा आणि जळत्या तारांचा काळा धूर ज्याने एकदा पाहिला, त्याला त्या चिमूटभर सोन्याची किंमत कोण चुकवितो हे निराळे सांगावे लागत नाही.

मला स्वतःला ओढ आहे ती शाळांत आलेल्या पहिल्या संगणकांची. 1984 साली केंद्र सरकारने ‘क्लास’ नावाची संगणक-साक्षरतेची योजना सुरू केली आणि प्रारंभी सुमारे 250 शाळांत बी.बी.सी. मायक्रो हे इंग्लंडमधील एकॉर्न कंपनीचे यंत्र पोचले. बदामी रंगाचा, कळफलक अंगातच असलेला तो ठोकळा. वरच्या बाजूस तांबड्या कळांची एक रांग. स्मृती अवघी 32 किलोबाइट. आजच्या दूरध्वनीतले एक छायाचित्रदेखील तीत मावणार नाही. पण त्या काळी मुले चपला बाहेर काढून त्या खोलीत शिरत.

अशा यंत्राचा कळफलक मागे जुम्मेरात बाजारात एका पथारीवर दिसला. किंमत विचारली. “मास्टरसाब, किलो का भाव है, नाम का नहीं,” असे उत्तर मिळाले. उत्तर चोख होते. मी मात्र त्याला आणखी एक प्रश्न केला: हे कोठून आले? तो थोडा बुचकळ्यात पडला, मग म्हणाला, एका शाळेच्या लिलावातून. कोणत्या शाळेच्या, ते त्याला आठवेना.

ती विस्मृती मला सोन्यापेक्षाही घातक वाटते. आमच्या शाळांत प्रत्येक खुर्ची-फळ्याची नोंद जडसंग्रह वहीत असते. यंत्र केव्हा आले, कोणत्या योजनेतून आले, कोणी ताब्यात घेतले, सारे त्या वहीत असते. निर्लेखनाच्या दिवशी वस्तू एका वाटेने जाते व वही दुसऱ्या. हैदराबादेत तर हे विशेष खटकते. 1967 साली स्थापन झालेल्या येथील ई.सी.आय.एल. ने 1969 साली टी.डी.सी.-12 हा देशी बनावटीचा संगणक सिद्ध केला. त्याच्या कुळातील एखादे यंत्र बाजारात आजवर माझ्या तरी दृष्टीस पडलेले नाही.

2016 च्या ई-कचरा नियमांनी सरकारी कार्यालयांवर व शिक्षणसंस्थांवर असले सामान अधिकृत संस्थांकडेच सोपविण्याचे बंधन घातले आणि 1 एप्रिल 2023 पासून त्यांच्या जागी नवे नियम आले. हेतू उत्तमच आहे. धुराचा प्रश्न त्यावाचून सुटणार नाही. परंतु अधिकृत चक्कीतही जुन्या यंत्राचा चुराच होतो. म्हणून मुख्याध्यापक-बंधुभगिनींना माझे सांगणे असे, की निर्लेखनाची यादी करताना सर्वांत जुने एक यंत्र त्यातून वगळावे. ते प्रदर्शनीय वस्तू म्हणून शाळेच्याच वहीत राहू शकते.

घरी आणलेले यंत्र उत्साहाच्या भरात विजेला जोडू नये. बी.बी.सी. मायक्रोच्या वीजपुरवठ्यातील काही जुने कपॅसिटर तडकलेले असतात आणि वीज मिळताच दुर्गंधियुक्त धूर सोडून फुटतात; ते आधी बदलून घ्यावेत. 286 व 386 जातीच्या यंत्रांत मंडलफलकावर पिंपाच्या आकाराची लहानशी निकेल-कॅडमियमची बॅटरी असते. ती पाझरली की तांब्याच्या रेषा खाऊन टाकते, म्हणून ती पहिल्याच दिवशी काढावी. फ्लॉपी चकत्या मिळाल्या तर त्यांवर बुरशी आहे काय ते पाहावे. एखाद्या शिक्षकाने स्वहस्ते रचलेला धडा त्यांतच असण्याचा संभव, आणि तो धडा दुसऱ्या कोठेही नसतो.

आणि एक चिठ्ठी. कोठे मिळाले, कोणत्या दिवशी, किती रुपयांस, विकणाऱ्याने काय सांगितले, एवढे पेन्सिलीने लिहून यंत्राच्या पोटात ठेवावे. शाई कालांतराने फुटते, पेन्सिल टिकते.