अकरा हजार घोडे आणि दोन बैल

यंत्राची शक्ती घोड्यांत मोजण्याची पद्धत जेम्स वॅटने रूढ केली. त्याला आपली वाफेची यंत्रे खपवायची होती, आणि गिऱ्हाइकाला ठाऊक होता तो घोडा. तेव्हा आपले यंत्र किती घोड्यांचे काम करते हे सांगणे त्याला सोयीचे पडले. त्या हिशेबाने आज अमेरिकेत 'टॉप फ्युएल' वर्गातील शर्यतीची एकेक मोटार सुमारे ११,००० अश्वशक्तीची असते. आपल्याकडे १९८३ साली आलेली मारुती ८०० जेमतेम पस्तीस-चाळीस अश्वशक्तीची होती. म्हणजे तीनशेच्या आसपास मारुत्या एका दोराला जुंपल्या तर कुठे बरोबरी व्हायची! बैलांत सांगायचे तर, सतत ओढकाम करणारा बैल साधारण अर्धी अश्वशक्ती देतो. बावीस हजार बैल झाले.

एवढे बळ एकवटून ही मोटार करते काय? १,००० फूट, म्हणजे ३०५ मीटर सरळ धावते. वळण नाही, फेरी नाही. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या राहतात, दिवा हिरवा होतो आणि पावणेचार सेकंदांच्या आसपास सारे संपते. त्या शेवटच्या क्षणी वेग ताशी ५३० किलोमीटर असतो. ब्रेकवर एवढी गाडी थांबत नाही म्हणून मागे हवाई छत्र्या उघडतात. अलिबागच्या किनाऱ्यावरून ओहोटीला कुलाबा किल्ल्याकडे चालत निघालेल्या माणसाने कल्पना करावी, की निम्मी वाट सरण्याआधीच शर्यत आटोपलेली असेल. या प्रकाराला 'ड्रॅग रेसिंग' म्हणतात.

या शक्तीचे रहस्य इंधनात आहे. हे इंजिन पेट्रोलवर चालत नाही. त्यात नव्वद टक्के नायट्रोमिथेन आणि बाकी मिथेनॉल असते. वजनाला वजन पाहिले तर नायट्रोमिथेनमध्ये पेट्रोलपेक्षा उष्णता कमीच असते; पण ते जळायला लागणारा प्राणवायू थोडाबहुत स्वतःबरोबरच आणते. एक किलो पेट्रोल जाळायला सुमारे पंधरा किलो हवा लागते, तर नायट्रोमिथेनला पावणेदोन किलो पुरते. त्यामुळे तेवढ्याच हवेत कितीतरी अधिक इंधन कोंबता येते. शिवाय हवा दाबून भरणारा एक पंखा वर बसवलेला असतो, आणि तो फिरवण्यातच इंजिनाची शेकडो अश्वशक्ती खर्ची पडते. टायर तापवण्यापासून शर्यत संपेपर्यंत एका खेपेला पन्नास लिटरच्या आसपास इंधन जाते. आमच्या गावातल्या मोटारसायकलला ते चार महिने पुरेल.

आणि इंजिन? ते एका खेपेत स्वतःला जवळजवळ खाऊन टाकते. ठिणगीचे प्लग वितळतात, क्लचच्या चकत्या जळतात, दट्टे चिरतात. गाडी परत आली की आठ-दहा माणसे तिच्यावर तुटून पडतात आणि तासाभरात इंजिन मोकळे करून, खराब भाग काढून पुन्हा जोडतात. हे प्रत्येक खेपेनंतर. हंगामाचा खर्च कोट्यवधी रुपयांचा होतो. बक्षिसाची रक्कम त्यापुढे किरकोळ. म्हणून तर गाडीच्या अंगावर नखाएवढीही जागा जाहिरातीवाचून सुटत नाही.

कुणी म्हणेल, अमेरिकेतल्या श्रीमंतांचे हे खेळ आमच्या अंकात कशाला? पण मला ते वाचताना परके वाटले नाहीत. तिकडेही ही शर्यत सुरुवातीला मुलांनी रस्त्यांवर आणि कोरड्या पडलेल्या तळ्यांच्या सपाट जमिनीवर केली. वॉली पार्क्स याने १९५१ साली 'नॅशनल हॉट रॉड असोसिएशन' ही संस्था काढली, ती या मुलांना रस्त्यावरून उचलून नियमांत बसवण्यासाठी. आमच्याकडे कोरडे तळे नाही, पुळण आहे. ओहोटी लागली की नागाव, आक्षी, वरसोली, मुरुड येथली ओली वाळू अशी घट्ट होते की चाक रुतत नाही. आणि त्या सरळ पट्टीवर बैलगाड्या आणि घोडागाड्या सुटतात. वळण नाही, डावपेच नाहीत. बळ आणि वेग, एवढेच. अकरा हजार घोड्यांच्या मोटारीचा आणि आमच्या दोन बैलांच्या छकड्याचा खेळ मुळात एकच आहे.

फरक आहे तो खर्चाचा, आणि मला लिहायचे आहे ते त्याविषयी.

२१ जून २००८ रोजी न्यू जर्सीतील इंग्लिशटाउन येथे स्कॉट कलिटा हा शर्यतपटू इंजिनाच्या स्फोटानंतर गाडी न थांबल्यामुळे मरण पावला. तोपर्यंत शर्यत १,३२० फुटांची, म्हणजे पाव मैलाची असे. दोन आठवड्यांच्या आत संस्थेने सर्वांत बलवान गाड्यांसाठी ती १,००० फुटांवर आणली. जुन्या रसिकांना ते रुचले नाही. पाव मैल ही त्यांचीही परंपराच होती. तरी अंतर कमी झाले ते झालेच. मला या गोष्टीत त्या लोकांचा मोठेपणा वाटतो. त्यांचा खेळ उधळपट्टीचा आहे, पण काय मोडले, कितीला पडले, कोण मेले, हे तिथे लिहिले जाते.

आपल्याकडे काय लिहिले जाते? आपल्याकडे कोर्टाचे निकाल लिहिले गेले. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींना मनाई केली. २०१७ साली महाराष्ट्राने कायदा दुरुस्त केला. त्यात बैलाला इजा करणाऱ्यास पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद ठेवली. १६ डिसेंबर २०२१ रोजी शर्यतींना अटींवर परवानगी मिळाली, आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने तो कायदा ग्राह्य धरला. त्या दिवशी आमच्याकडे गुलाल उधळला गेला. मीही आनंदाने पाहत होते, हे सांगायला मला संकोच नाही. बंदीच्या काळात शर्यती चोरून होतच होत्या. चोरून होणाऱ्या खेळात बैलाची दया येते कुणाला? तेव्हा बंदी नको, हेच माझे मत आहे.

पण परवानगी मिळाली म्हणजे हिशेब मिटला असे नव्हे. आमच्याच घरचे सांगते. काकांनी शर्यतीसाठी खिल्लार जोडी आणली. किंमत किती, हे घरातल्या बायकांना पहिले सहा महिने कळले नाही. वाडीतल्या नारळांचे पैसे कुठे गेले, यावरून ते हळूहळू उमगले. बैलांना रोज दूध, अंडी, उडीद, पेंड. काकीने विचारले तेव्हा काका म्हणाले, "शर्यतीचा बैल नि घरातली पोर, यांचा खर्च कुणी मोजतं काय?" पोरीचा खर्च आमच्या घरात पैशापैशाने मोजला जातो, हे मी त्यांना सांगितले नाही. कॉलेजात जाणारी घरातली पहिली मी, माझ्या एस.टी.च्या पासाचे पैसे मागताना मला दोनदा विचार करावा लागतो.

काकीने वाद घातला नाही. भिंतीवरच्या कालनिर्णयावर जिथे दुधाचा हिशेब लिहितात, तिथेच ती बैलांचेही लिहू लागली. चार लिटर. बारा अंडी. डॉक्टर. नाल. टेम्पो. अर्थशास्त्राच्या तासाला 'वैकल्पिक खर्च' शिकवतात. एका गोष्टीसाठी दुसरी जी सोडावी लागते, ती तिची खरी किंमत. काकी सातवीपर्यंत शिकलेली. तिने समासात लिहिले आहे, "कौले राहिली."

जोडी दोनदा नंबरात आली. ढाल मिळाली, फेटा मिळाला, रोख रक्कम त्याच संध्याकाळी मंडळींवर खर्च झाली. तिसऱ्या शर्यतीत डाव्या बैलाचा गुडघा सुजला.

इथे मला त्या अमेरिकन मोटारीची आठवण होते. तिचा दट्टा फुटला तर तो फेकतात. आठवण म्हणून प्रेक्षकांना विकतातही. बैलाचा गुडघा असा बदलता येत नाही. आणि २०१५ पासून राज्यात बैलाच्या कत्तलीलाही बंदी असल्यामुळे निकामी बैल पोसावा तरी लागतो, नाही तर गुपचूप कुठे सोडून द्यावा लागतो. पोसणे म्हणजे वैरण काढणे, शेण उचलणे, गुडघ्याला शेक देणे. ही कामे शर्यतीच्या दिवशी फेटा बांधणाराने केलेली मी अजून पाहिली नाहीत.

ज्याला आपल्या बळाची हौस आहे त्याने ती जरूर करावी. सह्याद्रीच्या माथ्यावर, अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर, लक्षावधींच्या मोटारी पळवणाऱ्या श्रीमंतांच्या हौसेलाही माझी हरकत नाही, कारण ते निदान स्वतःचे टायर जाळतात. आमच्या पुळणीवर दुसऱ्याचे गुडघे आणि दुसऱ्याची कौले जळतात. पराणीला आर लावायची नाही, शेपटी पिरगळायची नाही, हे नियम झाले. ते पाळले जावेत. पण माझी मागणी आणखी एक आहे. शर्यत भरवणाऱ्या मंडळाने वर्गणीतून काही रक्कम जायबंदी बैलांसाठी वेगळी काढावी, आणि गाडी नोंदवताना मालकाबरोबर त्याच्या घरातल्या एका बाईची सही घ्यावी. या सूचनेवर पुरुषमंडळी हसतील, हे मला ठाऊक आहे. आमच्या ओटीवर ती हसून झालीच आहेत. त्या वेळी काकी आतून एवढेच म्हणाली, "सही करीन, पण आधी वाचीन."