प्रीती, संकट आणि धर्म : एका जुन्या कथाकलेची ओळख

नागपुरात १९२६ साली एक मोठी ग्रंथसूची प्रसिद्ध झाली. मध्यप्रांत व वऱ्हाडातील संस्कृत आणि प्राकृत हस्तलिखितांची ही सूची रायबहादूर हिरालाल यांनी सिद्ध केली होती. तिच्यात कारंजा येथील जैन भांडारांतील पोथ्यांची नोंद आली आणि शतकानुशतके वेष्टनात बांधून ठेवलेल्या अपभ्रंश ग्रंथांकडे विद्वानांचे लक्ष वेधले. पुढे त्यांच्याच नावाचे दुसरे विद्वान प्रा. हिरालाल जैन यांनी, अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजात अध्यापन करीत असताना, ‘णायकुमारचरिउ’ (१९३३) आणि ‘करकंडचरिउ’ (१९३४) हे ग्रंथ संपादून प्रकाशात आणले. कालांतराने ते नागपूर महाविद्यालयात आले. षट्खंडागमाच्या धवला टीकेचे संपादक म्हणून त्यांचे नाव जैन समाजात आदराने घेतले जाते. पण त्यांनी छापलेले हे दोन ग्रंथ सिद्धांताचे नाहीत. त्या कथा आहेत, आणि अतिशय रंगतदार कथा आहेत.

करकंडाचेच पाहावे. गर्भवती राणीला हत्ती रानात पळवून नेतो, तिचे मूल स्मशानात वाढते, तेच पुढे राजा होते आणि नकळत आपल्याच पित्यावर शस्त्र उचलते. रणांगणात माता येऊन दोघांची ओळख पटवून देते. याच कथेतील तेरापूरच्या लेण्यांचा संबंध हिरालाल जैन यांनी धाराशिवच्या लेण्यांशी जोडून दाखविला. वियोग, शोध, जिवावरचे संकट आणि शेवटी वैराग्य असा हा सारा प्रवास आहे.

आज इंग्रजी पुस्तकांच्या बाजारात अशा मिश्रणाला एक स्वतंत्र नाव आहे. ‘इन्स्पिरेशनल रोमँटिक सस्पेन्स’ म्हणजे श्रद्धेला बळ देणारी, प्रीती आणि रहस्य यांची कादंबरी. अमेरिकेत ती प्रामुख्याने ख्रिस्ती वाचकांसाठी लिहिली जाते. हार्लेक्विन या प्रकाशनसंस्थेची ‘लव्ह इन्स्पायर्ड सस्पेन्स’ ही मालिका त्यासाठीच चालते. या प्रकारात लेखकाला तीन धागे सांभाळावे लागतात. नायक-नायिकेची प्रीती फुलली पाहिजे, त्यांच्यावरील संकट गडद होत गेले पाहिजे, आणि या दोहोंतून त्यांची श्रद्धा दृढ झाली पाहिजे. यांतील तिसरा धागा सर्वांत अवघड. तो सैल पडला तर कथेत धर्म उरत नाही, आणि फार ताणला तर कथेचे प्रवचन होते.

हे तीन धागे एकत्र विणण्याची कला महाराष्ट्राला परकी नाही. परंपरा सांगते की आचार्य पादलिप्त सूरी हे प्रतिष्ठान नगरीत, म्हणजे आजच्या पैठणला, सातवाहन राजाच्या सभेत मान्यता पावले होते. त्यांनी प्राकृतात ‘तरंगवती’ नावाची कथा रचली. मूळ ग्रंथ आज उपलब्ध नाही. त्याचा ‘तरंगलोला’ नावाने ओळखला जाणारा प्राकृत संक्षेप तेवढा उरला आहे. जर्मन पंडित एर्न्स्ट लॉयमान यांनी त्याचे भाषांतर १९२१ साली प्रसिद्ध केले आणि त्याला ‘साध्वी’ या अर्थाचे नाव दिले.

कथेचा आरंभच विलक्षण आहे. राजगृहात भिक्षेसाठी आलेल्या एका साध्वीचे रूप पाहून घरची गृहिणी चकित होते आणि तिला पूर्वायुष्य विचारते. साध्वी सांगू लागते. कौशांबीच्या एका धनाढ्य श्रेष्ठीची ती लाडकी कन्या तरंगवती. उद्यानातील तळ्यावर चक्रवाकाची जोडी पाहताच तिला पूर्वजन्माचे स्मरण होते. गंगेच्या काठी ती स्वतः चक्रवाकी होती. एका पारध्याने हत्तीवर सोडलेला बाण चुकून तिच्या सहचराला लागला. पश्चात्तापाने व्याकूळ झालेल्या पारध्याने त्या पक्ष्याला अग्नी दिला, आणि तिने त्याच ज्वाळांत उडी घेतली.

आता तिचा सहचर कुठे जन्मला असेल? त्याला ओळखावे कसे? तरंगवती रडत बसत नाही. ती आपल्या पूर्वजन्माची चित्रे रंगविते आणि कौमुदी-उत्सवात, जिथे सारे नगर लोटते, तिथे ती मांडायला लावते. ज्याची ही कहाणी असेल तोच चित्रे पाहून मूर्च्छित होईल, हा तिचा तर्क. आणि तसेच घडते. पद्मदेव नावाचा तरुण त्या चित्रांपुढे कोसळतो. आधुनिक रहस्यकथेतील शोधकालाही हेवा वाटावा अशी ही युक्ती आहे.

यापुढचा प्रसंग व्यापारी कुटुंबांना विशेष जवळचा वाटेल. पद्मदेवाचा पिता सार्थवाह, म्हणजे तांडे घेऊन देशोदेशी फिरणारा व्यापारी. तो मुलासाठी मागणी घालतो आणि तरंगवतीचा पिता नकार देतो. कारण धनाचे नाही, कुळाचेही नाही. ज्याचे आयुष्य प्रवासात जाते त्याच्या घरी मुलीच्या वाट्याला विरहच येणार, ही बापाची काळजी आहे. खलपुरुष न आणता लेखकाने अडथळा उभा केला, आणि तो केवळ मायेतून उभा केला. वाचकाला दोन्ही बाजू पटतात, म्हणूनच त्याचा जीव टांगणीला लागतो.

दोघे रात्री नावेतून पळून जातात, आणि चोरांच्या टोळीच्या हाती सापडतात. देवीपुढे बळी देण्यासाठी त्यांना बांधून ठेवले जाते. तरंगवती आक्रोश करीत आपली कहाणी सांगते. पहाऱ्यावरचा तरुण चोर ती ऐकतो आणि बंधने सोडून दोघांना अरण्याबाहेर पोचवितो. घरची मंडळी त्यांना क्षमा करतात, विवाह होतो, वर्षे सुखात जातात. मग एके दिवशी उद्यानात एक मुनी भेटतात. आपण दीक्षा का घेतली हे मुनी सांगतात, आणि त्यात साऱ्या कथेचा उलगडा होतो. गतजन्मी ज्याच्या बाणाने चक्रवाक मेला तो पारधी तेच, आणि या जन्मी ज्याने बंधने सोडली तो चोरही तेच. हे ऐकल्यावर पतिपत्नी दोघेही संसाराचा त्याग करतात.

या रचनेत कथाकलेचे मर्म आहे. नायिका शेवटी साध्वी होणार, हे वाचकाला पहिल्याच पानावर कळलेले असते. तरीही उत्कंठा ओसरत नाही, कारण ‘काय होणार’ यापेक्षा ‘कसे झाले’ हा प्रश्न अधिक ओढ लावतो. आणि रहस्याचा उलगडा व धर्माचा बोध या दोन वेगळ्या गोष्टी राहत नाहीत. मारणारा हात आणि सोडविणारा हात एकच होता, हे कळण्याचा क्षण हाच कर्मसिद्धांत उमगण्याचा क्षण. लेखकाला उपदेशाचे एकही जादा वाक्य लिहावे लागत नाही. ज्या कथेत रहस्य आधी सुटते आणि बोध मागाहून येतो, तिथे बोध ठिगळासारखा दिसतो. जिथे दोन्ही एकाच गाठीत असतात, तिथे तो वाचकाच्या मनात आपोआप उतरतो.

तथापि एक शंका धार्मिक घरांत पूर्वीपासून आहे. प्रेमकथा वाचणे किंवा लिहिणे धर्माला धरून आहे काय? शास्त्रांनी स्त्रीकथा, भक्तकथा, देशकथा आणि राजकथा या चार विकथा त्याज्य मानल्या आहेत. मग संसाराचा त्याग केलेल्या आचार्यांनी शृंगाराची वर्णने का करावीत? या शंकेचे उत्तर ‘वसुदेवहिंडी’च्या परंपरेत मिळते. धर्मसेनगणी यांनी त्यासाठी वैद्याचा दृष्टांत दिला आहे. रोगी औषध घेईना तर चतुर वैद्य त्याच्या आवडीच्या पेयाच्या मिषाने ते पाजतो. कामकथेत रमलेल्या मनाला शृंगाराच्या मिषाने धर्म सांगावा. मात्र या दृष्टांतात लेखकावर जबाबदारीही आहे. पेय गोड असून चालत नाही, आत औषध असावे लागते. आणि औषध आहे म्हणून पेय बेचव करण्याची मुभाही वैद्याला नाही.

याच विचाराला उद्द्योतन सूरींनी पद्धतशीर रूप दिले. शके ७०० संपण्यास एक दिवस उरला असता, म्हणजे इ. स. ७७९ मध्ये, जालोर येथे त्यांनी ‘कुवलयमाला’ पूर्ण केली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात दीर्घकाळ अध्यापन केलेल्या डॉ. आ. ने. उपाध्ये यांनी संपादिलेली तिची संहिता १९५९ साली प्रसिद्ध झाली. धर्मकथेच्या आक्षेपणी, विक्षेपणी, संवेगजननी आणि निर्वेदजननी या चार प्रकारांचा विचार या ग्रंथात आहे. प्रथम मनाला आवडेल ते सांगून श्रोत्याला ओढून घ्यावे, मग त्याच आवडीची दुसरी बाजू दाखवून मन हलवावे, नंतर सत्याची जाणीव जागवावी आणि अखेरीस विरक्तीपर्यंत न्यावे. कादंबरी लिहू पाहणाऱ्याने ही चार पावले मांडणीचा आराखडा म्हणून वापरावीत, इतकी ती आजही ताजी आहेत.

‘कुवलयमाले’त क्रोध, मान, माया, लोभ आणि मोह ही पाच माणसे होऊन वावरतात. लोभाची कथा तर मुंबईजवळच्या सोपाऱ्याला येऊन पोचते. तक्षशिलेचा एक वणिकपुत्र घोडे विकायला सोपारक बंदरी उतरतो. तिथे व्यापाऱ्यांचे संमेलन भरते. कोण कोणता माल घेऊन कुठे गेला आणि बदल्यात काय घेऊन आला, याच्या हकिकती एकेक जण सांगतो. पळसाची फुले नेऊन सुवर्णद्वीपातून सोने आणल्याचे एक जण सांगतो. कडुनिंबाची पाने नेऊन रत्नद्वीपातून रत्ने आणल्याचे दुसरा सांगतो. ते ऐकून लोभदेवाची झोप उडते. भद्रश्रेष्ठी नावाच्या व्यापाऱ्याची जहाजे वारंवार बुडालेली असल्याने तो समुद्राला भ्यालेला असतो. लोभदेव त्याची समजूत घालून त्याला भागीदार करतो. अमाप संपत्ती मिळते. परतीच्या वाटेवर मात्र वाटणीचा विचार लोभदेवाच्या मनात शिरतो आणि तो भागीदारालाच समुद्रात लोटून देतो.

इथे संकट बाहेरून येत नाही. वादळ, चाचे, राक्षस हे सारे नंतरचे. खरे संकट जहाजावरच, विश्वासाच्या माणसाच्या मनात, हिशेबाच्या वेळी जन्म घेते. भागीदारीत धंदा करणाऱ्या कोणत्याही घराला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. ज्या रहस्यकथेतील भयाचे मूळ कषायात असते, ती वाचून झाल्यावरही वाचकाला अंतर्मुख करते. नुसत्या पाठलागाची कथा पुस्तक मिटताच विसरते.

हीच दृष्टी एका वणिककुळातील कवीच्या लेखनात दिसते. ‘भविसयत्तकहा’ या अपभ्रंश काव्याचा कर्ता धनपाल हा धक्कड नावाच्या वणिकवंशात जन्मला. ‘तिलकमंजरी’कार धनपाल तो वेगळा. जर्मन विद्वान हेर्मान याकोबी यांनी हे काव्य १९१८ साली प्रथम छापले. त्यानंतर चि. डा. दलाल आणि पुण्याचे डॉ. पां. दा. गुणे यांची आवृत्ती १९२३ मध्ये बडोद्याहून निघाली.

धनपालाचा नायक राजपुत्र नाही, व्यापाऱ्याचा मुलगा आहे. भविष्यदत्ताच्या आईला पतीने टाकले आहे. सावत्र भाऊ बंधुदत्त व्यापाराला निघतो, भविष्यदत्तही त्याच्याबरोबर जातो, आणि एका बेटावर भाऊ त्याला एकटा सोडून जहाजे हाकारतो. त्या बेटावर एक समृद्ध पण निर्मनुष्य नगर असते, आणि त्या नगरात एकच जिवंत व्यक्ती, एक राजकन्या. दोघांचा विवाह होतो. पुढे भाऊ हीनदीन होऊन परततो. भविष्यदत्त त्याला क्षमा करतो, धन देतो. आणि तो पुन्हा त्यालाच बेटावर सोडून त्याची पत्नी व संपत्ती घेऊन पळतो. इकडे आई श्रुतपंचमीचे व्रत करीत मुलाची वाट पाहते आहे, तिकडे सून परक्या घरी कैदेत आहे, आणि मुलगा समुद्रापलीकडे आहे. तीन ठिकाणचे तीन धागे कवी एकाच वेळी ताणून धरतो. शेवटी न्याय होतो, पण वाचकाच्या मनात राहतो तो एक प्रश्न. एकदा फसविलेल्या भावाला क्षमा करणे ही चूक होती काय? कथेचे उत्तर स्पष्ट आहे. क्षमा करणाऱ्याचे जे गेले ते परत आले. फसविणाऱ्याच्या हाती मिळविलेलेही राहिले नाही.

अशा कथा रचणाऱ्यांचे जीवनही कथेला साजेसे होते. बहुतेक आचार्य वर्षातील आठ महिने पायी विहार करीत. बंदरे, बाजार, अरण्ये आणि तांडे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेले असत, म्हणून त्यांच्या कथांतील व्यवहार खरा वाटतो. चातुर्मासातील व्याख्यानांत श्रोते समोर बसलेले असत, त्यामुळे कुठे मन रमते आणि कुठे जांभई येते हे त्यांना रोज कळत असे. आणि या कथा टिकल्या त्या श्रावकांमुळे. पोथीची नक्कल करवून ती भांडाराला देणे हे शास्त्रदान मानले गेले. अनेक पोथ्यांच्या शेवटी अशा दात्या श्रावक-श्राविकांची नावे आढळतात. जे उतरवून ठेवले गेले ते वाचले. ‘तरंगवती’चा मूळ ग्रंथ मात्र कोणत्याही भांडारात सापडलेला नाही.

म्हणून घरातील एखादी मुलगी वा सून कादंबरी लिहू पाहत असेल, तर तिला थांबविण्याचे कारण नाही. तिच्या हाती या कथा द्याव्यात. नायिकेने तरंगवतीसारखी स्वतः वाट शोधावी, संकट माणसाच्या कषायातून यावे, दुकान आणि गल्ल्याचे वर्णन जाणत्याने केलेले असावे, आणि शेवटचा उलगडा हाच धर्माचा उलगडा असावा, एवढे पथ्य तिने सांभाळले तरी पुरे. कार्तिक शुद्ध पंचमीला पुष्कळ पेढ्यांवर लाभपंचमीचे मुहूर्त होतात. श्वेतांबर परंपरेत तीच ज्ञानपंचमी असते. दिगंबर परंपरेची श्रुतपंचमी ज्येष्ठ शुद्ध पंचमीला येते. त्या दिवशी पोथ्या बाहेर काढून त्यांची धूळ झटकली जाते, पूजा होते. यंदा पूजेनंतर त्यांतील एखादी कथा घरातल्या सर्वांनी मिळून मराठीत वाचावी. नवी लेखिका त्या श्रोत्यांतच बसलेली असण्याचा संभव आहे.